वाघाच्या मावशीचा माळा

मांजराला आपण वाघाची मावशी करून ठेवले. पण या मावशीने राहावे कुठे, याचा विचार कधी केला नाही. तशी गरजही नव्हती म्हणा! जुन्या घरात तिला आढे होते, माळा होता, वळचण होती आणि परसात एखादे तरी झाड होते. 'शिंक्याचे तुटले नि बोक्याचे फावले' ही म्हण ज्यांनी घडवली, त्यांना मांजराची नजर सदैव वर असते हे पक्के ठाऊक होते. आता शिंके गेले नि फ्रिज आला. आढे गेले नि सपाट छत आले. मांजर मात्र होते तेच राहिले.

ते वर का चढते? मांजर स्वतः शिकारी खरे. पण अंगाने लहान असल्यामुळे दुसऱ्याची शिकार होण्याचे भयही त्याला असते. उंचावर बसले की भक्ष्य आणि शत्रू दोन्ही दिसतात. घरात ही उंची मिळाली नाही, तर ते सज्जाचा कठडा गाठते. १९८७ साली न्यूयॉर्कच्या दोन पशुवैद्यांनी एक अहवाल प्रसिद्ध केला. उंच इमारतींवरून पडलेली १३२ मांजरे पाच महिन्यांत त्यांच्या इस्पितळात आली होती. उपचार झालेल्यांपैकी सुमारे ९० टक्के वाचली हे खरे. पण बहुतेकांच्या छातीला मार लागला होता आणि अनेकांचे जबडे दुखावले होते. मांजर चार पायांवर पडते म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे आणि खिडक्यांना जाळी लावावी.

दुसरी गरज नखांची. ओरखडणे ही खोडी नव्हे. त्याने नखावरचे जुने कवच गळते, पाठीचे स्नायू ताणले जातात आणि पंजातल्या ग्रंथींचा गंध त्या जागी लागतो. म्हणजे 'येथे आम्ही राहतो' अशी दारावरची पाटीच ती!

आमच्या मनीने ही पाटी लावायला निवडली ती नेमकी दादांची आरामखुर्ची. दादांना जाऊन सहा वर्षे झाली. त्या खुर्चीत घरातले कुणी बसत नाही. आई ती रोज पुसते मात्र. कापडाला पहिली चीर गेलेली दिसली, त्या दिवशी ती शांतपणे म्हणाली, "हे बघ, दिवाळीच्या आत मांजराची दुसरीकडे सोय कर. ही खुर्ची फाटताना मला बघवणार नाही." आईच्या शब्दाबाहेर जाणे शक्य नव्हते, आणि धाकट्या लेकीने मनीला कवटाळून जो सूर लावला, तो ऐकणेही शक्य नव्हते.

एका स्नेह्यांनी मनीची नखेच काढून टाकण्याचा तोडगा सुचवला. पण ही शस्त्रक्रिया केवळ नखाची नसते. बोटाचे शेवटचे हाडच त्यात कापले जाते. न्यूयॉर्क राज्याने तर २०१९ साली कायद्यानेच तिला बंदी घातली. तेव्हा तो विषय तिथेच मिटला. दुकानात मांजरासाठी तयार झाड मिळते असे कळले, म्हणून गेलो. किंमत सहा हजार दोनशे, आणि बोट लावताच डुगडुगले! डुगडुगणाऱ्या खांबाकडे मांजर पुन्हा फिरकत नाही.

शेवटी गल्लीतल्या सुतारमिस्त्रींना बोलावले. चार फूट उंच आणि चार इंच जाड गोल खांब; खाली दोन फूट चौरस प्लायवूडचे दुहेरी बूड. बूड रुंद आणि जड हवे, ही पहिली अट. तळापासून अडीच फूट दोर गुंडाळायचा, कारण मांजराला पुरते ताणून उभे राहता आले पाहिजे. आठ मिलिमीटर जाडीच्या दोराचे साधारण ९४ वेढे बसतात. एक वेढा सुमारे ३४ सेंटिमीटरचा. म्हणजे ३२ मीटर झाला. ३५ मीटर आणावा. दोर घायपाताचा किंवा काथ्याचा घ्यावा, नायलॉनचा नको. टोके फेविकॉल आणि चुका मारून पक्की करावीत. सुटा धागा मांजराच्या पोटात गेला तर आतडी कापू शकतो.

"वर बसायला दोन फळ्या लागतील, साहेब," मिस्त्री म्हणाले. आई आतून सगळे ऐकत होती. तिने लेकीला माळ्यावर चढवले आणि दोन सागवानी पाट खाली काढले. एकावर दादा जेवायला बसत, दुसऱ्यावर ती स्वतः. मी म्हटले, "आई, हे कशाला? प्लायवूड आहे ना." ती म्हणाली, "अरे, पाट बसण्यासाठीच असतो. वर धूळ खात पडण्यापेक्षा कुणीतरी बसू दे."

एक पाट अडीच फुटांवर लोखंडी काटकोनी पट्ट्यांवर बसवला, दुसरा खांबाच्या डोक्यावर. पाय घसरू नये म्हणून वर तरट ठोकले आणि खांब एका पट्टीने भिंतीला जखडला. लाकूड ३५०, प्लायवूड २८०, दोर ३००, पट्ट्या आणि स्क्रू १५०, मिस्त्रींची मजुरी ५००. एकूण १५८० रुपये.

असे झाड कोपऱ्यात दडवू नये. मांजर जिथे ओरखडते, त्याच्या शेजारीच ठेवावे. पाटी दर्शनी भागातच लागते! पंजे धरून दोरावर घासू नयेत, त्याने मांजर बिथरते. पावसाळ्यात कुंपणाशी उगवणारी खोकली मुळासकट उपटून जवळ ठेवावी. तिच्या मुळांच्या वासाने बरीच मांजरे खुळावतात. मनीला ओळख पटायला नऊ दिवस लागले. आता खुर्चीचे कापड नवे आहे, आणि दुपारच्या वेळी वरच्या पाटावर निजलेल्या मनीला आई खालून रागावते, "पाय पोटाशी घे गं, पडशील!" दोर झिजला की नवा गुंडाळावा. सुंभाचा पीळ जात नाही म्हणतात. पण मांजराच्या नखांशी गाठ पडली की तोही वर्षभरात उलगडतो.