काचेचं भांडं नव्हे, आमचा मुलगा!

२०१८ सालच्या उन्हाळ्यातली मंडळाची पिकनिक. न्यू जर्सीतल्या पार्कात बटाटेवडे तळले जात होते, पोरांचा खो-खो रंगात आला होता आणि आमचा नऊ वर्षांचा मुलगा आमच्या शेजारी खुर्चीवर बसून होता. "काय रे, आजोबांसारखा बसलास? जा की खेळायला!" एक काका सहज म्हणाले. "कालपासून जरा ताप आहे हो त्याला," आम्ही नेहमीची थाप मारली. परतताना गाडीत मागच्या सीटवरून प्रश्न आला, "मला काय झालंय ते सांगायची तुम्हाला लाज वाटते का?"

आम्हा दोघांनाही उत्तर सुचलं नाही. ते आज, जरा उशिराच, देत आहोत.

आमच्या मुलाला तीव्र स्वरूपाचा हिमोफिलिया 'ए' आहे. रक्त गोठण्यासाठी लागणारा 'फॅक्टर आठ' त्याच्या शरीरात जवळजवळ तयारच होत नाही. साधारण ५,००० मुलग्यांत एकाला हा विकार असतो. 'फॅक्टर नऊ' कमी असला तर तो हिमोफिलिया 'बी', तो याहून दुर्मीळ. लोकांना वाटतं, खरचटलं की रक्त थांबायचंच नाही. पण रोजचा धोका दिसत नाही, तो आत असतो. गुडघा, घोटा, कोपर अशा सांध्यांत रक्त साठतं आणि वरचेवर तसं झालं की सांधा कायमचा बिघडतो.

म्हणून आम्ही त्याला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. दिवसाआड शिरेतून फॅक्टरचं इंजेक्शन द्यायचो, पण धावणं नको, सायकल नको, उड्या नकोत! पिकनिकनंतरच्या तपासणीत फिजिओथेरपिस्ट बाईंनी त्याच्या मांड्या तपासल्या, वजन पाहिलं आणि आम्हालाच समोर बसवलं. औषध तुम्ही अगदी वेळेवर देता, त्या म्हणाल्या, पण स्नायू दुबळे राहिले तर सांध्याला आधार कोण देणार? वाढलेल्या वजनाचा भार शेवटी गुडघ्यांवर आणि घोट्यांवरच पडणार. आम्ही वाचवायला निघालो होतो आणि नुकसानही आम्हीच करत होतो.

मग आम्ही वाचायला लागलो. नियमित फॅक्टर देण्याचं महत्त्व अमेरिकेतल्या एका अभ्यासाने २००७ साली दाखवून दिलं. सहा वर्षांच्या वयाला नियमित फॅक्टर घेणाऱ्या ९३ टक्के मुलांचे सांधे एमआरआयमध्ये चांगले दिसले, तर रक्तस्राव झाल्यावरच औषध घेणाऱ्यांत हे प्रमाण ५५ टक्के होतं. ऑस्ट्रेलियातल्या १०४ मुलांच्या अभ्यासात (२०१२) असं आढळलं की जोराच्या खेळानंतर थोडा वेळ धोका वाढतो खरा, पण एकंदरीत ती वाढ थोडीच असते. अॅलेक्स डाउसेट हा ब्रिटिश सायकलपटू तर आमच्या मुलाचा हीरोच झाला. त्यालाही तीव्र हिमोफिलिया 'ए'. २ मे २०१५ रोजी मँचेस्टरला त्याने एका तासात ५२.९३७ किलोमीटर सायकल चालवून जागतिक विक्रम केला. तो विक्रम महिनाभरच टिकला, पण आमच्या घरातल्या भिंतीवर त्याचा फोटो अजून आहे!

सुरुवात पोहण्यापासून केली. पाण्यात सांध्यांवर भार पडत नाही, टक्कर होत नाही आणि सगळ्या स्नायूंना व्यायाम होतो. पुढे हेल्मेट घालून सायकल आली, टेबल टेनिस आलं. बॉक्सिंग, कुस्ती, अमेरिकन फुटबॉल मात्र नाहीच. आपली कबड्डीसुद्धा आम्ही त्याच यादीत टाकली. २०१९ पासून त्याला एमिसिझुमॅब हे कातडीखाली टोचायचं औषध मिळतं, त्यामुळे दिवसाआड शीर शोधणं संपलं. पण म्हणून तो बरा झाला असं नव्हे. मोठी दुखापत झाली तर फॅक्टर लागतोच.

ज्यांच्या घरी असं मूल आहे, त्यांना अनुभवाचे चार शब्द: खेळ निवडण्याआधी हिमोफिलिया सेंटरच्या डॉक्टरांशी आणि फिजिओथेरपिस्टशी बोला. फॅक्टर घेत असाल तर खेळाच्या दिवशी डोस कधी द्यायचा, ते त्यांच्याकडून ठरवून घ्या. कोचला सगळं सांगा. सांध्यात झिणझिण्या, ऊब किंवा ताठरपणा जाणवला की खेळ तिथेच थांबवायला मुलाला शिकवा. 'मॅच संपू दे' नको. दुखतंय म्हणून मनाने अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन देऊ नका.

आता त्या लाजेबद्दल. आम्ही गप्प होतो ते धाकट्या मुलीच्या काळजीने. 'घराण्यात दोष आहे' असा बोभाटा झाला तर पुढे तिचं लग्न कसं जमणार? आज हे लिहायलाही संकोच वाटतो. खरं तर सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या घरी आधी कोणालाच हा विकार नसतो. आणि वाहक मुलींचाही फॅक्टर कमी असू शकतो, त्यांनाही रक्तस्रावाचा त्रास होतो. म्हणजे लपवण्याने मुलीचंच नुकसान! तिची तपासणी आम्ही करून घेतली. निकाल काय आला, ते सांगायचं की नाही हे मोठी झाल्यावर तीच ठरवेल. हा लेख मात्र दोन्ही मुलांनी वाचून 'ओके' केला आहे.

मुलगा आता हायस्कूलच्या स्विमिंग टीममध्ये आहे. पदकं फारशी नाहीत, भूक मात्र प्रचंड आहे! यंदाच्या पिकनिकला तो तुम्हाला खुर्चीवर दिसणार नाही. आम्ही दिसू, आणि शेजारची एक खुर्ची मोकळी ठेवू. आपल्यापैकी कोणी अजून 'ताप आहे' असं सांगत असेल, तर त्यांनी जरूर येऊन बसावं. चहा घेता घेता बोलू.