जमिनीच्या कागदावरचे शब्द : सही करण्यापूर्वी



गळीत हंगाम संपला, उसाचे बिल खात्यावर जमा झाले की गावोगाव जमिनीचे व्यवहार सुरू होतात. कोणी भावाचा हिस्सा घेतो, कोणी लेकीच्या लग्नासाठी तुकडा काढतो, तर कोणी विहिरीच्या कर्जापायी शेत लिहून देतो. मग सभासद गट ऑफिसात कागद घेऊन येतात आणि विचारतात, "जरा बघा हो, काय लिहिलंय यात?" पुष्कळदा तोवर सही होऊन गेलेली असते. म्हणून या वेळी खतांच्या मात्रा बाजूला ठेवून आम्ही या कागदांवरचे काही शब्द घेत आहोत.

सातबाऱ्यावर नाव लागले म्हणजे मालकी आली, असे आपण सगळेच धरून चालतो. ते पुरते खरे नाही. गाव नमुना ७ हा अधिकार अभिलेख आणि १२ ही पिकांची नोंद. जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे ही नोंद खरी मानतात, पण उलट शाबीत होईपर्यंतच. मालकी येते ती खरेदीखताने, वाटपाने, वारसाने वा बक्षीसपत्राने. सातबारा तिचा आरसा आहे, आणि आरशावर कधी धूळही असते.

नाव बदलते ते फेरफाराने, म्हणजे नमुना ६ ने. तलाठी नोंद धरतो (हुद्द्याचे नाव आता ग्राम महसूल अधिकारी झाले असले तरी गावाच्या तोंडी तलाठीच), संबंधितांना नोटीस काढतो आणि मुदतीत हरकत आली नाही तर मंडल अधिकारी नोंद मंजूर करतो. ही मुदत १५ दिवसांची. आलेली नोटीस खुंटीला टांगून ठेवायची आपली रीत आहे, ती मात्र सोडली पाहिजे.

सातबाऱ्यावर 'इतर हक्क' असा एक रकाना असतो. घेणाऱ्याने आधी तो वाचावा. तिथे 'इकरार' हा शब्द हमखास दिसतो. सोसायटीचे कर्ज घेताना आपण जमिनीवर बोजा लिहून देतो, तो हा इकरार. सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ४८ प्रमाणे कर्ज पुरते फिटेपर्यंत त्या जमिनीची विक्री करता येत नाही, केलीच तर ती रद्दबातल ठरते. समजा, एखाद्या सभासदाचे ऐंशी हजारांचे पीककर्ज उसाच्या बिलातून कापून गेले. कर्ज फिटले, पण सातबाऱ्यावरचा बोजा आपोआप उतरत नाही. सोसायटीकडून बेबाकी दाखला घेऊन तो तलाठ्याकडे द्यावा आणि बोजा कमी झाल्याचा फेरफार पडला का, हे उतारा काढून पाहावे. एवढ्या एका कामाच्या आळसामुळे ठरलेले सौदे मोडतात.

आता इसार पावती, साठेखत आणि खरेदीखत. इसार म्हणजे सौदा पक्का केल्याची खूण. साठेखत हा पुढे खरेदी करून देण्याचा करार. त्याने जमिनीत मालकी येत नाही, हे मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ च्या कलम ५४ मध्ये स्पष्ट आहे. समोरचा खरेदी करून देत नसेल तर ठरलेल्या तारखेपासून तीन वर्षांत दावा लावावा लागतो. कुलमुखत्यारपत्राचेही तसेच. नुसत्या मुखत्यारपत्रावर आणि साठेखतावर जमीन विकत घेतली असे होत नाही, असा निकाल सुप्रीम कोर्टाने २०११ साली दिला आहे. मालकी मिळते ती नोंदणी झालेल्या खरेदीखतानेच, आणि सही झाल्यापासून चार महिन्यांत ते नोंदणीला हजर करावे लागते.

सर्वांत जास्त घरे बुडाली ती मात्र 'मुदत खरेदी'ने. गरजेला सावकाराकडून पैसे घ्यायचे, त्यापोटी जमीन खरेदी करून द्यायची, आणि ठरल्या मुदतीत पैसे दिले की तो परत करून देणार, असा हा व्यवहार. परत देण्याची अट त्याच खरेदीखतात लिहिलेली असेल तर कायदा त्याला शर्तीचे गहाण मानू शकतो. मग मुदत टळली म्हणून जमीन आपोआप जात नाही. सावकाराला कोर्टात जावे लागते, आणि आपल्याला गहाण सोडवण्याचा दावा ३० वर्षांपर्यंत लावता येतो. पण अट वेगळ्या स्टँपवर लिहिली असेल किंवा "तोंडी ठरलंय, माणूस शब्दाचा आहे" एवढेच असेल, तर कलम ५८ प्रमाणे तो व्यवहार गहाण धरला जात नाही. कागदावर ती उघड खरेदीच राहते. आमच्या मते असा कागद करूच नये. करणे भागच पडले, तर अट त्याच दस्तात घातल्याशिवाय सही करू नये.

ज्यांचे असे झाले आहे त्यांनाही वाट आहे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ च्या कलम १८ प्रमाणे, सावकारीच्या व्यवहारात गेलेल्या जमिनीबद्दल सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. व्यवहार अर्जाच्या मागील १५ वर्षांतला असावा लागतो. चौकशीत ती सावकारी ठरली तर ते दस्त अवैध ठरवून जमीन परत देण्याचा हुकूम करू शकतात. अर्जासोबत व्याजाच्या चिठ्ठ्या, बँकेचे पासबुक, सातबाऱ्याचे जुने उतारे, जे असेल ते जोडावे. दस्त झाल्यानंतरही शेत आपणच कसत असाल आणि तिथला ऊस आपल्याच नावाने गाळपाला आला असेल, तर लागणीची नोंद आणि वजनाच्या पावत्या जपून ठेवाव्यात. त्याही पुराव्यात दाखवता येतात.