चंदनाचं बी रुजवताना: गैरसमज आणि वस्तुस्थिती

पुण्याच्या टेकड्यांवर आणि जुन्या बंगल्यांच्या कुंपणाशी चंदन आपसूक उगवतं. बुलबुल, कोकीळ पिकलेली फळं खातात, बिया दुसऱ्या झाडाखाली टाकतात आणि तिथे रोप येतं. तेच बी हौसेनं कुंडीत लावलं तर बहुतेक वेळा उगवत नाही, उगवलं तर वर्षभरात वाळतं. दोष पुण्याच्या हवेचा नाही. चंदनाबद्दल ऐकीव माहितीच फार आहे, म्हणून एकेक गैरसमज तपासून पाहू.

गैरसमज: घरी चंदन लावणं बेकायदा आहे.
वस्तुस्थिती: १७९२ मध्ये टिपू सुलतानाने चंदनाला राजवृक्ष ठरवलं आणि म्हैसूर भागात पुढे दीर्घकाळ त्यावर सरकारचाच हक्क राहिला. भीतीचं मूळ त्यात आहे. कर्नाटकानेही २००१ मध्ये कायदा बदलून झाडाची मालकी जमीनमालकाला दिली. महाराष्ट्रात लागवडीला बंदी नाही. बंधन आहे ते तोडण्यावर. १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत चंदन आहे आणि शहरात १९७५ चा झाडांच्या जतनाचा कायदा लागू होतो. त्यामुळे आपल्या अंगणातलं चंदनही परवानगीशिवाय तोडता येत नाही.

गैरसमज: ताजं बी लगेच पेरलं की उगवतं.
वस्तुस्थिती: चंदनाचं बी साधारण दोन महिने सुप्तावस्थेत असतं. वाटाण्याएवढी, जांभळट काळी झालेली फळं घ्या. पाण्यात चोळून गर पूर्ण काढा आणि बी सावलीत वाळवा, उन्हात नको. दोन महिन्यांनी रात्रभर भिजवून वाळू जास्त आणि लाल माती कमी अशा मिश्रणात उथळ पेरा. रोपवाटिकांमध्ये उगवण लवकर व्हावी म्हणून जिबरेलिक आम्लाच्या द्रावणात बी भिजवतात. घरी त्याविनाही चालतं. उगवायला महिना ते तीन महिने लागतात, तेव्हा कुंडी रिकामी दिसते म्हणून ओतून टाकू नका. माती ओलसर असावी, चिखल नको.

गैरसमज: रोप एकटं, मोकळ्या जागेत चांगलं वाढतं.
वस्तुस्थिती: सगळ्यात जास्त रोपं याच समजुतीपायी मरतात. चंदन अर्धपरजीवी आहे. पानांत अन्न ते स्वतः तयार करतं, पण पाणी आणि क्षार मिळवण्यासाठी शेजारच्या झाडाच्या मुळांचा आधार घेतं. १८७१ मध्ये जॉन स्कॉट यांनी हे प्रथम दाखवून दिलं. चंदनाची बारीक मुळं शेजाऱ्याच्या मुळाला भिडतात, तिथे लहानशी गाठ धरते आणि त्या गाठीतून शोषण सुरू होतं. सुरुवातीचे काही महिने रोप बियातल्या साठ्यावर तगून राहतं. नंतर पानं पिवळी पडू लागतात आणि आपण खत घालत बसतो. खरा उपाय म्हणजे रोपाला चार पानं आली की त्याच कुंडीत तुरीचे दोन दाणे टोचणं. तूर फार माजली तर छाटा, नाहीतर तिच्या सावलीत चंदन दबेल. जमिनीत लावताना जवळ करंज, शिरीष किंवा हदगा असा टिकाऊ सोबती द्या. शेजारचं मोठं झाड त्यामुळे सहसा मरत नाही.

गैरसमज: चंदनाला सुगंध सुटतो, म्हणून साप येतात.
वस्तुस्थिती: जिवंत झाडाला वासच येत नाही. पानं आणि साल गंधहीन असतात. चिमुकली फुलं आधी फिकट पिवळसर आणि मग तपकिरी-लाल होतात, पण तीही घमघमत नाहीत. सुगंधी तेल असतं खोडाच्या आणि मुळांच्या गाभ्यात. साप येतात ते उंदरांच्या मागावर आणि आडोशासाठी.

गैरसमज: कोणतंही चंदन औषधी, आणि त्याची पानंही चालतात.
वस्तुस्थिती: आयुर्वेदात दाह कमी करणारं म्हणून श्वेतचंदनाचा गाभा वापरतात. सहाणेवर उगाळतो तो हाच. रक्तचंदन हे वेगळ्या कुळातलं, आंध्रातल्या डोंगरांमधलं झाड. घरच्या कोवळ्या रोपाची पानं किंवा साल गाभ्याची जागा घेऊ शकत नाहीत. पोटात घ्यायचं औषध वैद्यांना विचारूनच घ्यावं.

गैरसमज: दहा-पंधरा वर्षांत झाड लाखो रुपये देतं.
वस्तुस्थिती: गाभा साधारण दहा वर्षांनंतर धरू लागतो, तेलाने भरायला पंचवीस-तीस वर्षंही लागतात. शिवाय बंगल्यांच्या, संस्थांच्या आणि लष्करी आवारांतून रातोरात चंदन कापून नेल्याच्या बातम्या पुणेकर वर्षानुवर्षं वाचत आहेत. चोर गाभा आहे का ते पाहायला खोडाला भोक पाडतात. गाभा नसला तरी जखमी झालेलं झाड मागे राहतं.

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत चंदन 'असुरक्षित' गटात आहे. म्हणून पैशासाठी नव्हे, तर हे झाड टिकावं म्हणून ते लावा. पाणी तुंबणाऱ्या काळ्या मातीपेक्षा निचऱ्याची मुरमाड जागा निवडा. कुंडीत वर्षभर वाढवा, पावसाच्या सुरुवातीला सोबत्यासह जमिनीत लावा आणि पहिले दोन उन्हाळे पाणी चुकवू नका.