ढोलकी पळते तेव्हा

जयंती जवळ आली की जळगाव, भुसावळ, धुळे, कुठल्याही वस्तीत जा, गाण्यांची तयारी सुरू झालेली दिसते. पूर्वी कॅसेट काढायची तर स्टुडिओचे भाडे भरावे लागे. आता आपली मुले-मुली मोबाइलवर घरीच गाणे भरतात. आम्हाला याचा आनंदच आहे. पण यातल्या बऱ्याच गाण्यांत एक गोष्ट खटकते. गाणे सुरू होते एका लयीत आणि संपते भलत्याच लयीत.

याचा अर्थ मुलांना ताल कळत नाही असा नव्हे. गायनपार्टीत पेटीवाला, ढोलकीवाला, कोरस एकाच सतरंजीवर बसतात. गायकाने मान हलवली की ढोलकीवाला समजतो. शेवटच्या कडव्याला लय चढलीच तर सर्वांची मिळून चढते, आणि लोकही तेव्हाच टाळ्या धरतात. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) गावोगाव गायले ते अशा जिवंत बैठकींत. तिथे लय चढणे हा दोष आम्ही मानत नाही.

घरी मात्र ढोलकी रविवारी धुळ्याला भरली जाते आणि आवाज जळगावला, कामावरून आल्यावर रात्री. मान हलवायला समोर कोणी नसते. साधा हिशेब बघा. मिनिटाला १०० ठोके धरले तर ४ मिनिटांत ४०० ठोके होतात. ढोलकी १०४ वर गेली की तेच ४०० ठोके सुमारे ९ सेकंद आधी संपतात. मग मागाहून भरलेला कोरस कुठे बसवायचा?

यावर उपाय म्हणजे मेट्रोनोम, ठराविक वेगाने टकटक करणारे यंत्र. १८१५ साली माल्झेल नावाच्या माणसाने युरोपात त्याचे पेटंट घेतले. आज ते मोबाइलवर फुकट मिळते. टकटक इअरफोनमध्येच ऐकावी, नाहीतर ती माइकमध्ये शिरते आणि मग निघता निघत नाही. इअरफोन वायरचाच घ्यावा. बिनवायरच्या इअरफोनमध्ये आवाज किंचित उशिरा पोहोचतो, आणि केरव्याच्या ८ मात्रांत तेवढा उशीरही सम चुकवायला पुरतो. पंखा बंद ठेवावा. जळगावच्या उन्हाळ्यात हे सांगणे क्रूरपणाचे आहे, पण नाइलाज आहे.

खरा प्रश्न वेग कोणता धरायचा हा. बहुतेक जण धृपदावरून ठरवतात आणि इथेच घोटाळा होतो. ज्या ओळीत सर्वांत जास्त शब्द आहेत, ती आधी म्हणून पाहावी. ३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब लळिंगच्या लांडोर बंगल्यात मुक्कामी होते. आजही दरवर्षी त्या दिवशी तिथे माणसे जमतात. यावर गाणे केले आणि घाईत ‘लळिंग’ हा शब्दच गिळला गेला, तर ऐकणाऱ्या पोराला काय कळणार? ती ओळ स्वच्छ म्हणता येईल तोच वेग धरावा आणि पेटी, ढोलकी, कोरस सर्वांना तोच आकडा कळवावा.

‘यंत्राने गाण्यातला जीव जातो,’ असे जुने ढोलकीवाले म्हणतात. त्यात थोडे तथ्य आहे. शेवटच्या कडव्याला जोर हवाच असेल तर टकटकच तिथे १०० वरून १०४ करावी आणि तशीच भरून सर्वांना पाठवावी. मग चढतील ते सगळे मिळूनच चढतील.