करवंदाचे थंडगार सरबत, पण पाणी उकळूनच!

मे महिना आला की जव्हार-मोखाड्याच्या रस्त्यांवर आदिवासी भगिनी पानांच्या द्रोणांत करवंदे घेऊन बसतात. ‘डोंगरची काळी मैना’ ती हीच. पाहुणा आला की बाटलीतले लाल सरबत पुढे करायची आपली सवय. यंदा दारातले हे फळ वापरून बघा.

साहित्य (४ ग्लास) : पिकलेली काळी करवंदे २ वाट्या, किसलेला गूळ ४ चमचे, काळे मीठ व भाजलेल्या जिऱ्याची पूड प्रत्येकी अर्धा चमचा, पुदिन्याची पाने, उकळून गार केलेले पाणी ३ ग्लास.

कृती : कच्ची, चिकाची करवंदे बाजूला काढा. उरलेली स्वच्छ धुऊन १० मिनिटे मिठाच्या पाण्यात ठेवा. मग थोडे पाणी घालून मिक्सर दोन-तीनदाच थांबवून थांबवून फिरवा. जास्त फिरवला तर बिया भरडल्या जाऊन सरबत कडवट लागते. लाइट गेली असेल तर हाताने कुस्करा, काही बिघडत नाही. गाळून घ्या, गूळ, मीठ, जिरे मिसळा, पुदिना चुरून टाका. फळ आंबट आहे, म्हणून भांडे स्टीलचे किंवा काचेचे घ्या, तांब्या-पितळेचे नको. त्याच दिवशी संपवा.

आता मुद्द्याची गोष्ट. मुंबईची तहान भागवणारी वैतरणा मोखाड्यातूनच वाहते, आणि इथल्याच पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. टँकरचे किंवा तळ गाठलेल्या विहिरीचे पाणी गाळले म्हणजे शुद्ध झाले, असे नाही. खळखळ उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट उकळू द्या, झाकून गार करा, माठात भरा. बर्फाचेही तसेच. न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालण्याचे बंधन राज्यात २०१८ पासून आहे. निळसर बर्फ दिसला तर ग्लास परत करा.

जुलाब-उलट्या झाल्या तर सरबत हा इलाज नाही. ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर पाण्यात कालवून पाजा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सरबत नाही, वरचे पाणीही नाही. शुगर असणाऱ्यांनी गूळ टाळावा.

आणि हो, काट्यांच्या जाळीत हात घालून ही फळे तोडावी लागतात. त्या बहिणीशी पाच रुपयांसाठी घासाघीस करू नका. बसून, बिस्मिल्लाह म्हणून, तीन श्वासांत प्या. एक ग्लास शेजारच्या घरीही पाठवा.