वाळूतली फटफटी

स्पेन देशात लाया सान्स नावाची बाई आहे. २०१५ साली तिने डाकारची शर्यत फटफटीवर पुरी केली. शर्यत दक्षिण अमेरिकेत होती. दोन आठवडे चालली. वाळू, दगडधोंडे, डोंगर. अन् गाडीवर दिवसभर एकटीच.

तिथे सडक नाही. मग वाट कशी सापडते? तेव्हा हँडलवर कागदाची गुंडाळी असायची. तीत बाण, खुणा अन् अंतराचे आकडे. शेजारी अंतर मोजणारे यंत्र. दोन्ही आकडे जुळले, की बाणाप्रमाणे वळायचे. वाचण्यात चूक झाली, तर रानात भटकंती! पेट्रोलही फुकट जाते.

खडबडीत वाटेवर उभे राहून चालवायचे. गुडघे सैल ठेवायचे, म्हणजे धक्के तेच सोसतात. वाळूत अंग मागे न्यायचे, म्हणजे पुढचे चाक रुतत नाही.

लाया नववी आली. बायकांत नव्हे, बरं का, फटफटीवाल्या सगळ्यांत!