चालक आज्ञावली : इंटरनेटविना बसविण्याच्या पद्धती

संगणकाला जोडलेले किंवा त्याच्या अंतर्भागात असलेले एखादे उपकरण आणि संगणकाची परिचालन प्रणाली यांच्यात दुभाष्याचे कार्य करणाऱ्या आज्ञावलीस चालक आज्ञावली किंवा ड्रायव्हर म्हणतात. मुद्रक, पडदा, ध्वनियंत्रणा, हार्ड डिस्क, नेटवर्क कार्ड इ. उपकरणांची अंतर्गत रचना निर्मात्यागणिक वेगळी असते. परिचालन प्रणाली मुद्रकास ‘हे पान छाप’ एवढाच आदेश देते. त्या विशिष्ट मुद्रकास समजतील अशा संकेतांत त्याचे रूपांतर करण्याचे काम चालक आज्ञावली करते. ती नसल्यास उपकरण निर्दोष असूनही निरुपयोगी ठरते [→ संगणक].

सांप्रत बहुतेक चालक आज्ञावली इंटरनेटवरून आपोआप उतरवून घेतल्या जातात. तथापि नव्याने परिचालन प्रणाली बसविलेल्या संगणकात नेटवर्क कार्डाचीच चालक आज्ञावली नसेल, तर तर्कशास्त्रात ज्यास अन्योन्याश्रय म्हणतात तशी स्थिती उद्भवते : आज्ञावली मिळविण्यास इंटरनेट हवे आणि इंटरनेट मिळविण्यास आज्ञावली हवी. सुरक्षिततेसाठी हेतुपुरस्सर जोडणीविना ठेवलेले संगणक आणि जेथे जोडणी पोहोचलेलीच नाही अशा ठिकाणचे संगणक यांबाबतही हाच प्रश्न असतो. हा अन्योन्याश्रय बाहेरूनच तोडावा लागतो. त्यासाठी उपकरणाची अचूक ओळख पटविणे, योग्य आज्ञावली दुसऱ्या संगणकावरून आणणे व बसविण्यापूर्वी तिची सत्यता पडताळणे या तीन पायऱ्या आवश्यक असतात.

इतिहास : प्रारंभीच्या सूक्ष्मसंगणकांत उपकरणांच्या चालक आज्ञावली परिचालन प्रणालीतच अंतर्भूत असत. १९८३ मध्ये आलेल्या एमएस-डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीत ‘कॉन्फिग.सिस’ या फाइलीत एक ओळ लिहून नवी चालक आज्ञावली जोडण्याची सोय झाली. त्या काळी उपकरणासोबत फ्लॉपी व पुढे सीडी मिळत असे. म्हणजे इंटरनेटविना बसविणे हीच रूढ पद्धत होती. १९९५ मधील विंडोज ९५ या प्रणालीने नवे उपकरण आपोआप ओळखण्याची पद्धत प्रचारात आणली. इंटरनेटचा प्रसार झाल्यावर सोबतची सीडी हळूहळू नाहीशी झाली आणि अडचण निर्माण झाली ती यानंतर.

प्रणाली जुनी व उपकरण नवे असल्यास ही अडचण विशेष जाणवते. विंडोज एक्सपी (२००१) बसविताना नव्या प्रकारच्या साटा हार्ड डिस्क नियंत्रकाची आज्ञावली एफ६ ही कळ दाबून फ्लॉपीवरून द्यावी लागे. विंडोज ७ (२००९) या प्रणालीत यूएसबी ३.० ची चालक आज्ञावली नव्हती. पुढे केवळ याच प्रकारचा नियंत्रक असलेले संगणक आले, तेव्हा प्रणाली बसविण्यास आरंभ होताच यूएसबीला जोडलेले कळफलक व माउस निष्क्रिय होत आणि आवश्यक आज्ञावली असलेली यूएसबी स्मृती जोडूनही उपयोग होत नसे. अशा वेळी प्रणालीच्या मूळ संचातच ती आज्ञावली आधी मिसळावी लागे.

उपकरणाची ओळख : वेष्टनावरील नाव या कामी पुरेसे नसते, कारण एकाच नावाने विकल्या जाणाऱ्या उपकरणांत निरनिराळ्या निर्मात्यांच्या चकत्या असू शकतात. पीसीआय व यूएसबी या जोडणी पद्धतींत प्रत्येक उपकरण स्वतःचे दोन क्रमांक संगणकास कळविते. पहिला निर्मात्याचा व दुसरा त्या उपकरणाचा असून दोन्ही चार अंकी षोडशमान संख्या असतात. उदा., पीसीआय पद्धतीत इंटेलचा क्रमांक ८०८६ (या कंपनीच्या १९७८ मधील प्रसिद्ध सूक्ष्मप्रक्रियकाचे नावही हेच), रिअलटेकचा १०ईसी व एनव्हीडियाचा १०डीई आहे. चालक आज्ञावली नसतानाही हे क्रमांक वाचता येतात. विंडोजमध्ये ‘डिव्हाइस मॅनेजर’मधील अनोळखी उपकरणाच्या तपशिलात ‘हार्डवेअर आयडी’ या सदराखाली, तर लिनक्समध्ये ‘एलएसपीसीआय’ व ‘एलएसयूएसबी’ या आदेशांनी ते मिळतात. त्यांची नोंद करून मगच शोध घेणे इष्ट असते.

आणणे व बसविणे : दुसऱ्या संगणकावर संगणकाच्या अथवा चकतीच्या निर्मात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून आज्ञावली उतरवून ती यूएसबी स्मृतीद्वारे आणतात. परिचालन प्रणालीची आवृत्ती, ती ३२ बिटांची की ६४ बिटांची आणि प्रक्रियकाचा प्रकार या तिन्ही बाबी जुळाव्या लागतात. अनेक उपकरणांच्या आज्ञावली हव्या असल्यास नेटवर्क कार्डाची आज्ञावली प्रथम बसवितात. जोडणी उपलब्ध असल्यास उर्वरित काम त्यानंतर सुकर होते.

विंडोजमधील चालक आज्ञावलीच्या संचात सामान्यतः तीन प्रकारच्या फाइली असतात : कोणत्या क्रमांकाच्या उपकरणासाठी काय करावे हे सांगणारी आयएनएफ फाइल, प्रत्यक्ष आज्ञावली असलेली एसवायएस फाइल आणि अंकीय स्वाक्षरी असलेली सीएटी फाइल. संच संकुचित असल्यास प्रथम मोकळा करून ‘डिव्हाइस मॅनेजर’ला त्याची जागा दाखवितात किंवा ‘पीएनपीयूटिल’ या अंगभूत साधनाने तो बसवितात. विंडोज १० पासून याच साधनाने चालू संगणकातील चालक आज्ञावली बाहेर काढून जपून ठेवता येतात. प्रणाली बसवितानाच हार्ड डिस्क दिसत नसेल, तर त्या टप्प्यावर यूएसबी स्मृतीवरून तिच्या नियंत्रकाची आज्ञावली देण्याची सोय असते.

लिनक्समध्ये बहुसंख्य चालक आज्ञावली प्रणालीच्या गाभ्याबरोबरच येतात. मात्र अनेक वाय-फाय उपकरणांना त्याखेरीज फर्मवेअर, म्हणजे उपकरणाच्या स्वतःच्या प्रक्रियकात भरावयाची आज्ञावली, लागते. तिचे मूळ स्वरूप खुले नसल्यामुळे डेबियन या प्रणालीच्या अधिकृत संचात ती पूर्वी नसे. २०२२ मधील सदस्यांच्या मतदानानंतर हे धोरण बदलले व जून २०२३ मधील डेबियन १२ पासून असे फर्मवेअर अधिकृत संचात समाविष्ट झाले. एखादी आज्ञावली संगणकावरच संकलित करावयाची असेल, तर संकलक व चालू गाभ्याच्या नेमक्या आवृत्तीच्या शीर्ष फाइलीही सोबत आणाव्या लागतात.

काही वेळा तात्पुरत्या मार्गानेही अन्योन्याश्रय सुटतो. भ्रमणध्वनी यूएसबी तारेने जोडून त्यावरील इंटरनेट संगणकास देता येते. याकरिता लागणारी आज्ञावली विंडोज व लिनक्स यांत सामान्यतः अंगभूत असते, त्यामुळे वाय-फाय बंद असतानाही जोडणी मिळते.

सत्यता व धोके : अनेक चालक आज्ञावली प्रणालीच्या गाभ्यात सर्वाधिकारांनिशी चालतात. त्यामुळे सामान्य आज्ञावलीतील दोषाने ती आज्ञावलीच बंद पडते, तर गाभ्यातील दोषाने संपूर्ण संगणक थांबतो. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा आज्ञावलीच्या गाभ्यात चालणाऱ्या भागाने एक सदोष फाइल वाचली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सु. ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. पुष्कळ संगणक सुरू होताच कोसळत असल्याने दुरुस्ती नेटवर्कवरून पोहोचू शकली नाही. प्रत्येक संगणकाजवळ जाऊन ती फाइल हाताने काढावी लागली.

या कारणास्तव ६४ बिटांच्या विंडोज व्हिस्टापासून गाभ्यात चालणाऱ्या आज्ञावलीवर अंकीय स्वाक्षरी अनिवार्य करण्यात आली. स्वाक्षरीची मूळ तपासणी इंटरनेटविनाही होते. परंतु संबंधित प्रमाणपत्र पुढे रद्द झाले आहे काय, हे जोडणी नसलेल्या संगणकास आपणहून कळत नाही. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या उपद्रवी आज्ञावलीने नेमका याच विश्वासाचा गैरफायदा घेतला. तिच्या चालक आज्ञावलींवर रिअलटेक व जेमायक्रॉन या तैवानी कंपन्यांच्या चोरलेल्या प्रमाणपत्रांच्या स्वाक्षऱ्या होत्या आणि ती यूएसबी स्मृतीद्वारेही पसरत असे. इराणमधील नतांझ येथील युरेनियम समृद्धीकरण केंद्र हे तिचे लक्ष्य होते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. जोडणी नसणे म्हणजे सुरक्षितता नव्हे, हे त्यावरून दिसून आले.

म्हणून आज्ञावली अधिकृत स्थानाहूनच घेणे, निर्मात्याने एसएचए-२५६ सारखे पडताळणी मूल्य दिले असल्यास ते जुळविणे, स्वाक्षरीची तपासणी बंद न करणे आणि यूएसबी स्मृती वापरण्यापूर्वी तपासणे आवश्यक ठरते. ‘सर्व उपकरणांसाठी एकच संच’ म्हणून मिळणारे अनधिकृत संग्रह टाळावेत. परिचालन प्रणाली पुन्हा बसविण्यापूर्वीच, संगणक चालू स्थितीत असताना, त्यातील चालक आज्ञावली बाहेर काढून दुसऱ्या माध्यमावर ठेवणे व उपकरणांचे क्रमांक कागदावर टिपून ठेवणे हा सर्वांत सोपा व खात्रीचा उपाय होय.